चार इंचांचा स्पीकर आणि नऊ इंचांची भिंत

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मोठा पडदा घ्यायचा बेत पुढे ढकलत आलेल्या अनेकांना तेवढं निमित्त पुरलं. टीव्ही भिंतीवर चढला, चित्र झकास दिसू लागलं, आणि आठवडाभरात घरातल्या मोठ्या माणसांची तक्रार सुरू झाली: ‘आवाज येतोय रे, पण काय बोलतायत ते कळत नाही.’

तक्रार अगदी खरी आहे. टीव्ही इतका पातळ झाला की स्पीकरला समोर तोंड करून बसायला जागाच उरली नाही. बहुतेक टीव्हींमध्ये तो खाली किंवा मागे तोंड करून असतो. शब्द ओळखायला ज्यांची गरज असते ते त, ट, स, श, फ यांचे आवाज मुख्यतः वरच्या पट्टीत असतात आणि ही पट्टी बऱ्यापैकी सरळ रेषेत जाते. ती मागे फेकली तर भिंतीवर आपटून, विखरून आपल्यापर्यंत पोचते. आवाज पुरेसा असतो, शब्द मात्र धूसर होतात.

मग सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानात विचारायला जावं, तर समोर येतात भिंतीला टांगायचे सडपातळ स्पीकर. खोली तीन-चार इंच, टीव्हीच्या रंगाला शोभणारे, जमिनीवर पसारा नाही. किंमत ऐकून पहिला प्रश्न पडतो की एवढ्याशा डब्यातून आवाज तो काय येणार? माझं मत आधीच सांगून टाकतो. शब्दांसाठी हा स्पीकर उत्तम आहे आणि आपल्या विटांच्या घरांना तर तो विशेष मानवतो. पण बेस, म्हणजे खर्जाकडचा जड आवाज, तो एकटा देऊ शकत नाही. कितीही महागाचा घेतला तरी नाही. असं का, हे कळलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे ते आपोआप कळतं.

आवाज म्हणजे हलवलेली हवा

स्पीकरमध्ये कागदाचा किंवा प्लास्टिकचा एक शंकू असतो. त्याच्या मागे तारेची गुंडाळी आणि लोहचुंबक. गुंडाळीतून वीज गेली की शंकू मागेपुढे हलतो आणि हवा ढकलतो. अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये ही रचना मांडली. आजचे जवळजवळ सगळे स्पीकर त्याच घराण्यातले आहेत.

शंकू सेकंदात किती वेळा हलतो ते हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. वरच्या टोकाच्या आवाजाला अगदी थोडी हवा हलवावी लागते, म्हणून एक इंचाची छोटी घुमटीही (ट्वीटर) ते काम करते. खाली येऊ तसं काम वाढत जातं, आणि ते फार वेगाने वाढतं. तेवढाच मोठा आवाज ठेवून १०० हर्ट्झवरून ५० हर्ट्झवर यायचं, तर शंकूला चौपट अंतर हलावं लागतं. २५ हर्ट्झवर गेलात तर सोळा पट. पातळ डब्यात शंकूला मागेपुढे व्हायला जागाच मोजकी असते. अडचण इथूनच सुरू होते.

पण मुळात खोका लागतोच कशाला?

शंकू पुढे आला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. ही मागची लाट वळसा घालून पुढे आली की दोन्ही एकमेकींना मारतात. खर्जाच्या लाटा लांबलचक असतात. ५० हर्ट्झची एक लाट जवळपास सात मीटर भरते, तिला वळसा घालणं सहज जमतं. म्हणून उघड्या स्पीकरला बेस नसतो. मागची लाट कोंडून ठेवायला खोका हवा.

आता कोंडलेली हवा स्वस्थ बसत नाही. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा ढकलून बघा. नळीत भरपूर हवा असताना दांडा सुरुवातीला सहज जातो, शेवटची दोन बोटं उरली की तो हाताला उलटा ढकलतो. खोका जितका लहान, तितकी आतली हवा ताठ, आणि शंकूला मोठी, संथ हालचाल करणं तितकं अवघड. संथ हालचाल म्हणजेच बेस.

या बाबतीत स्पीकर बनवणाऱ्यांमध्ये हॉफमन यांचा नियम प्रसिद्ध आहे. जोसेफ अँटन हॉफमन हे अमेरिकेतल्या केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. लहान खोका, खोल बेस आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी दोनच एका वेळी मिळतात. हिशेबही कडक आहे. विजेचा खर्च तेवढाच ठेवून बेस एक सप्तक खाली, म्हणजे निम्म्या हर्ट्झवर न्यायचा, तर खोका आठपट मोठा लागतो. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ हा स्पीकर आणला तेव्हा कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरून खोका एकदम लहान केला. पण त्याची किंमत वेगळ्या रूपात चुकवावी लागली, अँप्लिफायर (स्पीकरला वीज पुरवणारा डबा) जास्त ताकदीचा लागला. नियम मोडला नाही, तडजोड बदलली.

म्हणून ‘पातळ, तरीही दणदणीत बेस’ असं कुणी म्हणालं की एकच विचारा: सबवूफर (बेसचा वेगळा खोका) बंद करून वाजवून दाखवता का?

मग कंपन्या करतात तरी काय?

दोन गोष्टी करतात. एका मोठ्या शंकूऐवजी छोटे दोन-चार शंकू उभ्या ओळीत बसवतात. चार इंची चार शंकू मिळून आठ इंची एका शंकूएवढी हवा ढकलतात, आणि लहान शंकूचा सांगाडाही उथळ असतो. दुसरं म्हणजे बेस सरळ सोडून देतात. चांगला सडपातळ स्पीकर ८०-१०० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरतो आणि तिथे थांबतो. माहितीपत्रकात ‘७० हर्ट्झपासून’ असं लिहिलेलं असेल, तर त्यापुढे किती डेसिबलची (डेसिबल हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) घट धरली आहे ते पाहा. ३ डेसिबलची घट असेल तर तो ७० खरा. १० डेसिबल असेल, किंवा काहीच लिहिलेलं नसेल, तर तो ७० नुसता ऐकू येण्यापुरता.

भिंत काय परत देते

इथे गंमत आहे, आणि ती सहसा कुणी समजावून सांगत नाही.

खोलीच्या मध्ये उभ्या केलेल्या स्पीकरचा खालचा आवाज चारी दिशांना पसरतो, मागेही जातो. तोच स्पीकर भिंतीला चिकटवला की मागे जायला वाट नाही, सगळा पुढे येतो. मोकळ्यातल्यापेक्षा खालचा भाग जवळपास ६ डेसिबलने वर येतो. फुकटात. पातळपणाने जे हिरावून घेतलं त्यातलं थोडं भिंत परत देते.

शिवाय एक दुखणंही टळतं. स्पीकरचं तोंड भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर मागे जाऊन परतलेली लाट साधारण १४० हर्ट्झच्या आसपास पुढच्या लाटेला खाते. पुरुषांचा बोलण्याचा आवाज इथेच कुठेतरी असतो. तोंड भिंतीपासून चारच इंचांवर असेल तर ही खाई ८५० हर्ट्झच्या आसपास सरकते आणि तिथे स्पीकरचा आवाज मागे कमीच वळतो, त्यामुळे नुकसानही कमी. आपल्या हॉलमध्ये स्टँडवरचा स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे ओढून ठेवायला जागा असते कुणाकडे? दिवाण, शोकेस, येण्याजाण्याची वाट, सगळं सांभाळायचं असतं. अशा घरात भिंतीसाठीच घडवलेला पातळ स्पीकर हा कोपऱ्यात कोंबलेल्या मोठ्या, जमिनीवर उभ्या टॉवर स्पीकरपेक्षा बोलणं जास्त स्वच्छ ऐकवतो.

पण ‘भिंतीसाठीच घडवलेला’ हे शब्द महत्त्वाचे. स्टँडवर ठेवायच्या स्पीकरमध्ये खालचा आवाज मुद्दाम चढवलेला असतो, कारण भिंत दूर असेल असं गृहीत धरलेलं असतं. त्यालाच मागे खिळ्याचं भोक आहे म्हणून भिंतीवर टांगलं की दोन्ही वाढी एकावर एक चढतात आणि निवेदकाचा आवाज डबक्यातून आल्यासारखा जड होतो. त्यातही हवा जायचं गोल भोक खोक्याच्या मागच्या बाजूला असेल तर भिंत ते बुजवते. भिंतीसाठी बंद खोका घ्या, किंवा भोक पुढे असलेला.

तानपुरा ऐकू येतो, डग्गा का नाही?

काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर असते. १०० हर्ट्झवर थांबणाऱ्या स्पीकरमधून ती ऐकू येऊ नये. तरीही येते! तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर निघतात. जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला हलकेच घासते त्यामुळे, तर ते भरघोस निघतात. मेंदू त्या उपस्वरांच्या मधल्या अंतरांवरून खालचा स्वर स्वतः भरून काढतो. म्हणून सडपातळ स्पीकरवर गायन, बासरी, सतार, बातम्या, मालिका यांत काही हरवल्यासारखं फारसं वाटत नाही.

डग्ग्याचं तसं नाही. त्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आगेमागे आणि त्याखालीच असतो, आणि वर उपस्वरांचा तेवढा आधार नसतो. तळव्याच्या दाबाने काढलेली मींड पातळ स्पीकरवर अर्धी विरते. तबल्याच्या चाटेवरचा (कडेवरचा) बोल टणटणीत येतो, डग्गा मात्र पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. ढोलाचं आणि चित्रपटातल्या स्फोटांचंही तेच. ज्याला तबल्याची आवड आहे त्याने केवळ पातळ स्पीकरवर भागवू नये, हे मी अगदी आग्रहाने सांगेन.

यावर उपाय सबवूफर, म्हणजे फक्त खालचा आवाज काढणारा वेगळा खोका. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठल्या दिशेने आला हे कानाला नीटसं कळत नाही, म्हणून तो सोफ्याच्या आड ठेवला तरी डग्गा टीव्हीतूनच वाजल्यासारखा वाटतो. रिसीव्हरच्या (टीव्ही आणि स्पीकर जोडणाऱ्या, आत अँप्लिफायर असलेल्या डब्याच्या) मेनूत भिंतीवरचे स्पीकर ‘स्मॉल’ म्हणून निवडायचे आणि ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा ८० ते १०० हर्ट्झवर ठेवायची. ‘लार्ज’ निवडलं की बेसचा सगळा भार छोट्या शंकूंवर पडतो आणि ते फाटल्यासारखे वाजतात. स्वस्त संचांत बाजूचे स्पीकर इतके छोटे असतात की सीमा १५०-२०० हर्ट्झपर्यंत चढवावी लागते. मग माणसाचा अर्धा आवाज कोपऱ्यातल्या सबवूफरमधून येतो. ते कानाला लगेच खटकतं.

सबवूफर आणला, पण नुसता घूं घूं करतो

दोष बहुतेक वेळा खोलीचा असतो. १० बाय १०ची खोली आणि छतही १० फुटांवर, हे माप आपल्याकडे सर्रास. अशा खोलीत लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही एकाच स्वराला, साधारण ५६ हर्ट्झला साथ देतात. तो एक स्वर फुगतो, बाकीचे मागे पडतात. सबवूफर कोपऱ्यात असेल तर आणखीच.

युक्ती सोपी आहे. सबवूफर उचलून थेट तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ओळखीचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर फिरा. ज्या ठिकाणी बेस सारखा, न फुगता ऐकू येईल तिथे सबवूफर कायमचा ठेवा. घरचे हसतील, हसू द्या. एवढ्या फरकासाठी बाजारात हजारो रुपये मोजावे लागतात.

‘भिंतीतच बसवले तर दिसणारसुद्धा नाहीत’

इंटरनेटवर भिंतीत गाडायच्या स्पीकरची वाहवा वाचून हा विचार येतो. ती घरं बहुतेक अमेरिकेतली. तिथली आतली भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेला जिप्समचा पत्रा, मध्ये पोकळी. स्पीकर त्या पोकळीलाच खोका म्हणून वापरतो. आपली भिंत नऊ इंची किंवा साडेचार इंची विटांची, आत पोकळी नाहीच. साडेचार इंची भिंत चार इंच कोरली तर उरलं काय? नवीन घरात जिप्समची खोटी भिंत उभी करणार असाल आणि स्पीकरबरोबर त्याचा मागचा डबा मिळणार असेल, तर विचार करा. एरवी आपल्यासाठी भिंतीवरचाच बरा.

आणखी एक गैरसमज. पडद्यासारखे उंच, चपटे स्पीकरही असतात. इंग्लंडमधल्या क्वाड कंपनीचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर त्यांतला नामांकित. ते चपटे असले तरी भिंतीचे नव्हेत. त्यांचा आवाज पुढे आणि मागे सारखाच निघतो, त्यांना मागे मोकळी जागा लागते.

शहाबादी फरशी, कूलर आणि चादर

आता सोलापूरच्या घरात या. खाली शहाबादी किंवा टाइल्स, वर स्लॅब, चारही बाजूंना गुळगुळीत गिलावा. असा कठीण पृष्ठभाग आवाजाचे शंभरातले एक-दोन भागच शोषतो, बाकी सगळे परत फेकतो. एक शब्द संपायच्या आत मागचा शब्द छतावरून परततो. स्पीकर दुप्पट किमतीचा घेऊन हे सुधारत नाही.

सुधारतं ते कापडाने. जाड पडदा चुण्या घालून लावला तर मधल्या आणि वरच्या पट्टीतला निम्मा किंवा त्याहून अधिक आवाज तो गिळतो. आणि जाड सुती कापडाची या शहरात कमी नाही. जीआय मानांकन मिळालेली आपली सोलापुरी चादर सोफ्यामागच्या भिंतीवर, भिंतीपासून तीन-चार इंच सोडून, दांडीवर चुण्या घालून टांगा. ताणून, भिंतीला चिकटवून लावली तर उपयोग फार कमी. कापडामागे हवा हवी. समोर जमिनीवर सतरंजी. बेसवर याने काही फरक पडत नाही, पण शब्द सुटे होतात. स्पीकर बदलण्याआधी दोन चादरी टांगून एक बातमीपत्र ऐका, एवढीच विनंती.

एप्रिल-मेमध्ये खिडकीतला कूलर सुरू झाला की वेगळाच पेच. त्याच्या घरघरीत शब्द बुडतात, म्हणून आपण आवाज वाढवतो. १० डेसिबल वाढवायचे तर अँप्लिफायरला दहापट वीज ओतावी लागते. एवढं करून स्पीकर विजेतला जेमतेम एक टक्का आवाजात बदलतो, बाकीची गुंडाळीत उष्णता होते. गुंडाळी तापली की तिचा विरोध वाढतो आणि आवाज आणखी दबतो. छोट्या गुंडाळ्यांना हे लवकर जाणवतं. अशा वेळी सगळा आवाज न वाढवता, टीव्हीखाली मधला, म्हणजे सेंटर स्पीकर असेल तर रिसीव्हरमधून फक्त त्याचा आवाज ३-४ डेसिबल चढवा. संवाद बहुतेक तिथूनच येतात. अँप्लिफायर बंद कपाटात ठेवू नका. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर स्पीकरही शक्यतो नको.

वॉट किती हवेत?

खोक्यावर ‘पीएमपीओ’ लिहून छापलेले हजारो वॉट विसरा. ‘आरएमएस’, म्हणजे सतत मिळणारे वॉट पाहा, आणि त्याच्या आधी संवेदनक्षमता, म्हणजे एका वॉटवर एक मीटर अंतरावर किती डेसिबल. ८९ डेसिबलच्या स्पीकरला ८६ वाल्यापेक्षा निम्मीच वीज पुरते. हॉल १२ बाय १५चा असेल तर ५० खरे वॉट भरपूर झाले.

साउंडबार का नको?

नको असं नाही. टीव्हीखाली ठेवायचा हा पट्टीसारखा स्पीकर छोट्या खोलीत, फक्त मालिका-बातम्यांसाठी, स्वस्त आणि सोयीचा. मात्र त्याचे सगळे शंकू तीन फुटांच्या पट्टीत असतात, त्यामुळे डावं-उजवं फार वेगळं होत नाही. गाणी मन लावून ऐकणाऱ्याला सहा-सात फुटांवरचे दोन स्पीकर हवेत. बहुतेक ‘वायरलेस’ स्पीकरलाही विजेची वायर लागतेच, हे घेण्याआधी लक्षात असू द्या.

टांगताना

उंची ठरवा ती बसल्यावर कान कुठे येतो त्यावरून. सोफ्यावर तो साधारण तीन-साडेतीन फुटांवर असतो, गादीवर बसणाऱ्यांचा अडीच फुटांच्या आसपास. छोटी घुमटी त्या पातळीला यावी. टीव्हीच्या वर, छताजवळ टांगलेला स्पीकर शोभेला बरा दिसतो, पण बोलणारा माणूस आढ्यावर बसल्यासारखा वाटतो. नाइलाजाने वर लावावाच लागला तर खाली झुकणारा ब्रॅकेट घ्या.

विटांच्या भिंतीत ड्रिल मारून गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) ठोकली की चार-पाच किलोचा स्पीकर निवांत राहतो, फक्त स्क्रू गिलाव्यात न राहता विटेत गेला पाहिजे. नव्या इमारतींतल्या हलक्या राखाडी ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी कालांतराने सैल होते. त्या ब्लॉकसाठीचा वेगळा अँकर मिळतो, तोच मागा. भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असेल तर ब्रॅकेटखाली रबराचे वॉशर टाका आणि सबवूफरखाली जाड रबर. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खालचा आवाज विटांमधूनही जातो.

वायर शुद्ध तांब्याची घ्या, दीड चौरस मिलिमीटरची (दुकानात ‘दीड एमएम’ म्हणतात). दहा मीटरपर्यंत ती पुरते. जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला घराचं काम चालू असेल, तर गिलाव्याआधीच इलेक्ट्रिशियनला सांगून टीव्हीमागून दोन्ही बाजूंना आणि सबवूफरच्या दोन-तीन संभाव्य जागांपर्यंत रिकामे पाइप टाकून घ्या. विजेच्या वायरींचा पाइप वेगळा, स्पीकरचा वेगळा. आत ओढायची दोरी आत्ताच घालून ठेवा.